जालन्यात डोंगर कुठे?

परवा रात्री दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. एरवी फोनवर तो दोनच विषयांवर बोलतो, पाऊस आणि मोसंबी. परवा मात्र सुरुवातच "तूच पोरीच्या डोक्यात हे भरवलंस ना?" अशी झाली.

झालंय असं की त्याची मुलगी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात आहे. तिथल्या एका गिर्यारोहण मंडळात तिला नाव घालायचंय. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, पण मंडळवाले तरीही घरच्यांची सही मागतात. तो फॉर्म गेले पंधरा दिवस दादाच्या टीव्हीवर, पेपरवेटखाली पडून आहे. दादाचं म्हणणं एकच. "आपण जालन्याची माणसं. आपल्याकडे डोंगर कुठे? कशाला दोराला लटकायचं?"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. दादाने आवाज चढवला की मी आजही दहा वर्षांचा होतो. म्हणून इथे लिहायला बसलोय. दादा इथलं वाचतो. प्रतिक्रिया कधी देत नाही, पण वाचतो, वहिनीनं सांगितलंय. तेव्हा बाकीच्या मंडळींनी आजची ही घरगुती बडबड सांभाळून घ्यावी.

दादाचं पहिलं वाक्य खरंच आहे. "जालना सोने का पालना" म्हणतात, पण या पाळण्यात डोंगर फारसे नाहीत. कुंडलिका नदी, मोती तलाव, स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मैलोन् मैल काळी जमीन. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे, रोहिलागडला लेणी आहेत, भोकरदनला केळना नदीच्या काठी कातळात कोरलेली लेणी आहेत. पुण्या-नाशिकवाल्यांनी सह्याद्रीच्या गोष्टी सुरू केल्या की आपण गप्प बसावं हे बरं. खरा डोंगर बघायचा तर भोकरदनहून सिल्लोड, उंडणगाव, हळदा करत अजिंठ्याच्या रांगेत शिरावं लागतं. तिथे वेताळवाडीचा किल्ला आहे, पलीकडे जंजाळा आहे, घटोत्कच लेणं आहे. पण ते आपल्या जिल्ह्याबाहेर.

आणि गुहा? त्या तर महाराष्ट्रातच कमी. आपला बहुतेक दगड बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्यानं विरघळून मैलभर लांबीच्या गुहा होतात त्या चुनखडीत. त्यासाठी आंध्रात बेलमला जावं लागतं, नाहीतर थेट मेघालयात. आपल्याकडच्या बहुतेक 'गुहा' माणसांनी छिन्नीनं खोदलेल्या.

पण दादा, आपल्या शेतात माणसांनी खोदलेली एक खोल, अंधारी, उभी गुहा होतीच की. ती तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आपण तिला विहीर म्हणत होतो.

*

बाकीच्यांसाठी सांगतो. १९८४ चा मे महिना. जालना जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती. आमचं गाव भोकरदन तालुक्यात. आजोबांच्या वेळची मोट, नाडा, सोंदूर सगळं माळ्यावर गेलं होतं आणि विहिरीवर डिझेल इंजिन आलं होतं. पंपाची एक अडचण असते. वर बसवलेला पंप सात-आठ मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिनही खाली न्यावं लागतं. त्या वर्षी आमचं इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवलं होतं. धुराचा पाइप अर्ध्यावरच संपत होता. तेव्हा सगळ्यांचं असंच असायचं.

सकाळपासून चालू असलेलं इंजिन दहाच्या सुमारास बंद पडलं. सालगडी बघायला उतरला. वर आला नाही. नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, दोन हाका मारल्या. वाकून बघितलं तर तो टप्प्यावर बसल्यासारखा दिसत होता. नाना पायऱ्या उतरून धावत गेले. त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याच्याच शेजारी बसले.

तिसरे माझे वडील, अण्णा. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. शेजारच्या शेतातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना मागून कमरेला मिठी मारली आणि सोडलंच नाही. "आसरा आहेत, आज तिसरा मागतील," एवढंच तो म्हणत होता.

दोघांना वर काढलं तेव्हा दुपार झाली होती. दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

साती आसरांनी नेलं, असंच घरात ठरलं. आजी दर वर्षी विहिरीवर खण, बांगड्या, हळदकुंकू वाहू लागली. काकूनं मात्र सगळं स्वतःवर घेतलं. त्या सकाळी "चहा होईपर्यंत इंजिनाचं बघून या" असं तिनं नानांना म्हटलं होतं. आणि दादा... दादाचा राग नानांवरच होता. तो कधी बोलला नाही, पण एकदा दिवाळीत, आम्ही दोघेच गच्चीवर असताना म्हणाला होता, "उतरताना आमचा विचार नाही आला का रे त्यांना?"

या सगळ्याचा गिर्यारोहणाशी काय संबंध, असं वाटेल. सांगतो.

*

१९९२ ला मी शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला गेलो. होस्टेलवरच्या एका मुलानं रविवारी पहाटे उठवून गोगाबाबा टेकडीवर नेलं. तिथे पाच-सात जणांचं टोळकं होतं. एक मध्यमवयीन गृहस्थ (नोकरी सरकारी, वेड डोंगराचं) त्यांना दोराच्या गाठी शिकवत होते. मंडळ म्हणावं इतकंही ते मोठं नव्हतं. दोन दोर, चार हेल्मेट, मूठभर कॅराबिनर आणि वह्यांचा गठ्ठा. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अण्णा स्वतः येऊन घेऊन गेले असते.

मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी कड्यावर चढवतील. पहिले तीन रविवार फक्त गाठी! आठची गाठ बांधायची, सोडायची, परत बांधायची. मग डोळे मिटून. मग थंड पाण्यात हात बुडवून. दोरावर पाय दिला की ओरडा बसायचा. का, तर चपलेखालची बारीक खडी दोरात शिरते, आतले धागे कापते आणि वरून काही दिसत नाही. दोर उन्हात वाळवायचा नाही, सावलीत. कडा चढताना वापरायचा दोर थोडा ताणला जाणारा असतो, माणूस पडला तर झटका दोर खातो. खाली उतरायला आणि गुहेत वापरायचा दोर वेगळा, न ताणला जाणारा. कुठला दोर कधी घेतला, त्यावर कोण पडलं, कधी धुतला, सगळं वहीत. आमच्या घरी जमिनीच्या व्यवहाराचीसुद्धा इतकी नीट नोंद नसते.

आणि सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट म्हणजे तपासणी. चढणाऱ्यानं स्वतःचं सगळं बघायचं आणि मग जोडीदाराकडे जायचं. हार्नेसचं बकल, गाठ, कॅराबिनरचं लॉक, हेल्मेटचा पट्टा. जोडीदारानं नुसतं बघायचं नाही, हात लावून बघायचं. सर स्वतः पंचवीस वर्षं चढत होते. तेही माझ्यासारख्या नवख्यासमोर येऊन उभे राहायचे, "बघ रे." पहिल्या वेळी मी लाजून "ठीक आहे सर" म्हणालो. ते म्हणाले, "हात न लावता ठीक कसं?"

मी ज्या घरातून आलो होतो तिथे मोठ्या माणसाला 'तुमचं बरोबर आहे का बघू' असं म्हणायची सोय नव्हती. मंडळात पहिला फायदा झाला तो हा. वयानं, मानानं मोठ्या माणसाचीही गाठ तपासायची असते आणि त्यात अपमान नसतो, हे मला कळलं.

दुसरा फायदा, परत फिरणं. एप्रिलमध्ये एकदा वेताळवाडीला गेलो होतो. वाट चुकलो, ऊन वाढलं, पाणी निम्म्याच्या खाली आलं. बालेकिल्ला समोर दिसत होता, वीस मिनिटांवर. सरांनी मोजून बाटल्या बघितल्या आणि म्हणाले, खाली. मी इतका चिडलो की उतरताना कोणाशी बोललो नाही. खाली ओढ्याकाठी सावलीत बसलो तेव्हा आमच्यातल्या एकाला उलट्या सुरू झाल्या. वीस मिनिटं वर आणि तितकीच परत, तो उतरू शकला असता का? माहीत नाही. किल्ला अजून तिथेच आहे. नंतर चारदा जाऊन आलो.

पुढे औरंगाबादच्या मनीषा वाघमारेंबद्दल वाचलं तेव्हा हेच आठवलं. २०१७ मध्ये एव्हरेस्टचं शिखर अगदी जवळ असताना खराब हवामानामुळे त्यांना परत फिरावं लागलं आणि २०१८ च्या मे महिन्यात त्या शिखरावर पोचल्या. लोक दुसऱ्या वर्षाचं कौतुक करतात. मला पहिल्या वर्षाचं जास्त वाटतं.

तिसरा फायदा, माणसं मोजणं. निघताना मोजायची, वाटेत मोजायची, पोचल्यावर मोजायची. कुठे चाललोय, कधी परतणार, न परतल्यास किती वाजता शोध सुरू करायचा, हे गावात राहिलेल्या एका माणसाला लिहून द्यायचं. होस्टेलवर आई-वडिलांपासून लांब राहणाऱ्या मला त्या मोजणीचं फार अप्रूप होतं. आपण नसलो तर आकडा चुकेल, ही भावना...

असो. भावुक व्हायला नको, दादा हसेल.

*

आता मुद्द्याचं.

दुसऱ्या वर्षी आम्ही अजिंठ्याच्या रांगेतल्या एका किल्ल्यावर होतो. तिथे कातळात खोदलेलं एक कोरडं टाकं होतं. तोंड अरुंद, आत खोल, तळाशी पालापाचोळा कुजलेला. कुणाची तरी बॅटरी आत पडली. मी सगळ्यात बारीक होतो. म्हटलं मी जातो, आणि पाय आत सोडलेही. सरांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. अक्षरशः कॉलर.

"आत हवा कशी आहे, बघितलंस?"

मी हसलो. हवेचं काय बघायचं?

मग त्यांनी आम्हाला तिथेच टाक्याभोवती बसवलं आणि पंधरा-वीस मिनिटं समजावून सांगितलं. बंद, खोल जागेत पाला कुजतो तेव्हा हवेतला प्राणवायू कमी होत जातो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी पाण्यासारखा साचतो. दिसत नाही. साध्या हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. सोळाच्या आसपास आला की मेणबत्ती विझते. त्याच्याही खाली गेला की माणूस विझतो, आणि त्याला कळतही नाही, कारण आधी डोकंच चालेनासं होतं. म्हणून दिवा सोडून बघायचा. पण दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली, असंही नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिवा विझवत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. माणसाला वाटतं जरा दमलोय, बसावं. आणि तो बसतो.

"आणि लक्षात ठेवा," सर म्हणाले, "अशा जागी पहिला माणूस अपघातानं मरतो. दुसरा त्याला वाचवायला जातो म्हणून मरतो. तिसराही. गुहांमध्ये, विहिरींमध्ये, गटारांमध्ये, सगळीकडे हेच होतं. आपला माणूस खाली पडलेला दिसला की थांबणं सगळ्यात अवघड असतं. म्हणून आधी शिकून ठेवायचं."

मी उठून लांब जाऊन बसलो. सरांना वाटलं कॉलर धरल्याचा राग आला. रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना विहिरीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "इंजिन आत होतं?" मी हो म्हटलं. "धुराचा पाइप?" मी सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली.

दहा वर्षं जे कोडं घरात साती आसरांच्या नावावर पडून होतं ते एका कोरड्या टाक्याच्या काठावर सुटलं. नाना मूर्ख नव्हते. घाईचेही नव्हते. त्यांनी घरच्यांचा विचार केला नाही असंही नाही. समोर माणूस बसलेला दिसत होता, त्याला हाताला धरून वर आणायचं, दोन मिनिटांचं काम. खाली हवा नाही हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. थांबायला शिकवणारं कोणी त्यांना कधी भेटलं नव्हतं. मला भेटलं, इतकाच आमच्यातला फरक.

आणि तो म्हातारा! त्याला हवेचं काहीही माहीत नव्हतं. तो आसरांना घाबरला होता. त्या भीतीनं माझे अण्णा वाचले. म्हणून मी आसरांची थट्टा कधी करत नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर मी आधी आजीला सांगितलं, मग काकूला. (त्यामुळे मी मंडळात जातो हेही फुटलं. अण्णांनी महिनाभर पैसे पाठवले नाहीत.) आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजी आसरांनी नाही नेलं माझ्या लेकाला?"

"नाही आजी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "मग इतकी वर्षं म्या त्यांच्यावर आळ घेतला." आणि पुढेही दर वर्षी खण वाहत राहिली. आळ घेतला म्हणून.

काकू काहीच बोलली नाही. चुलीपुढे बसून होती. "चहाचा काही संबंध नव्हता ना?" असं तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. दादा, तेव्हा तू नोकरीच्या गावी होतास. तुला हे कधी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं.

*

एकदा सर आम्हाला देवगिरीच्या अंधारीत घेऊन गेले आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. वटवाघळांचा वास, ओला दगड आणि डोळे उघडे की मिटलेले हेच कळू नये असा काळोख. मग एकेकाला नाव सांगायला लावलं. माझ्याच शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा आवाज मला भलत्याच बाजूनं आला. गुहेत जाताना एकाला तीन दिवे लागतात, एकमेकांवर न अवलंबणारे, हा नियम त्या दिवशी पटला. पुढे बेलमला गेलो. सव्वातीन किलोमीटरची गुहा, त्यातली निम्मीच पर्यटकांना खुली, तीही दिव्यांच्या उजेडात. आत घामाच्या धारा लागतात. मेघालयातल्या गुहा बघायच्या अजून राहिल्यात.

हे छंद निरुपयोगी असं म्हणणाऱ्यांना मी २०१८ च्या जुलैची आठवण करून देतो. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक २३ जूनला पुराच्या पाण्यानं अडकले. २ जुलैला त्यांना शोधून काढलं ते दोन ब्रिटिश पाणबुड्यांनी. एक निवृत्त अग्निशमन जवान, दुसरा संगणक क्षेत्रातला. दोघेही हौसेखातर गुहांत शिरणारे. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करवाडीचे अभियंतेही होते. १० जुलैपर्यंत सगळी मुलं बाहेर आली. पण हवेच्या टाक्या पोचवून परत येणारा सामान कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान त्यात गेला. मुलं होती तिथे प्राणवायू पंधरा टक्क्यांवर आला होता. पंधरा! तो आकडा वाचला तेव्हा मी पेपर खाली ठेवला.

त्याच महिन्यात, २८ जुलैला, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीस जण गेले. त्या पावसात, त्या दरीत दोर लावून उतरले आणि एकेकाला वर आणलं, त्यात महाबळेश्वर-पोलादपूरकडची ट्रेकर मंडळी होती. कोणी हॉटेलात काम करणारं, कोणी दुकान चालवणारं. रविवारी गाठी शिकलेली माणसं.

*

माझ्या हातून असं मोठं काही घडलेलं नाही. एक छोटी गोष्ट आहे, ती सांगतो.

आमच्या विहिरीवर विजेची मोटार येऊन जमाना झाला, पण दोन-चार वर्षांनी गाळ काढावा लागतो. मी नियम घातलेत. आधल्या दिवसापासून आत कुठलंही इंजिन नाही. सकाळी मोठी फांदी दोराला बांधून अर्धा तास खालीवर करायची, म्हणजे हवा हलते. कंदील सोडायचा. उतरणाऱ्याला हार्नेस आणि दोर, वर कप्पीवर चार माणसं, आणि एकानं फक्त हाका मारायच्या, दुसरं काही करायचं नाही. उत्तर चुकलं की न विचारता ओढायचं. आणि काहीही झालं तरी वरून दुसरा माणूस खाली जाणार नाही.

"मला काय बैलासारखं जुंपता मालक?" गाळ काढणारा हसायचा. गावातही थट्टा व्हायची. काही वर्षांपूर्वी असाच तो खाली होता. तासभर काम झालं होतं. हाक मारणारा पोरगा म्हणाला, "काका, हे काहीतरी वेगळंच बोलायलेत." मी ऐकलं. जीभ जड झाल्यासारखी वाटत होती. ओढा म्हटलं. वर आला तेव्हा पांढराफटक पडला होता, पाय लटपटत होते. लिंबाखाली झोपवलं, वारा घातला, मग तालुक्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घरी गेला. हवा होती का ऊन होतं का उपाशीपोटी काम केल्यानं झालं, मला सांगता येणार नाही. तो वर आला एवढं खरं, आणि त्याच्यामागे कोणी खाली गेलं नाही हेही खरं.

त्यानंतर आजूबाजूच्या दोन-तीन शेतांतून हार्नेस मागायला माणसं येतात. मी देतो, पण आधी गाठ बांधून दाखवायला लावतो. आणि हात लावून तपासतो.

*

आता दादाच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. दोर सहसा तुटत नाहीत, पण माणसं चुकतात. चांगल्या चांगल्या मंडळांमध्ये अपघात झालेत. आजकाल तर शनिवारी रात्री बस भरून दोन-दोनशे जणांना किल्ल्यावर नेणारे आणि त्यालाच ट्रेक म्हणणारेही निघालेत. कोण पुढे, कोण मागे, कोणाला पत्ता नसतो. म्हणून मंडळ बघून निवडावं. माझी परीक्षा सोपी आहे. पहिल्याच रविवारी कड्यावर चढवतात की गाठी शिकवतात? म्होरक्या स्वतःची गाठ दुसऱ्याकडून तपासून घेतो का? मागच्या वर्षात ते कितीदा अर्ध्यातून परत फिरले, आणि ते सांगताना लाजतात का? दोराची वही आहे का? पोरीला हे चार प्रश्न विचारायला सांगितलेत. तिनं विचारून आलेली उत्तरं मला लिहून पाठवली. बरी आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलीकडूनसुद्धा घरच्यांची सही मागतात, हेही मला आवडलं.

आणि तिला पुढे हिमालयात जायचं असेल, उत्तरकाशीचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स करायचा असेल, किंवा दोन वर्षांत कंटाळा येऊन सगळं सोडायचं असेल, तर ते तिचं तिनं बघावं. माझ्या बॅचच्या निम्म्या लोकांनी सोडलं. त्यांच्यातले काही आज पोट सावरत फिरतात (मी पण). पण कुठेही गेलो तरी आम्ही अजून माणसं मोजतो. लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा.

दादा, तू विचारलंस जालन्यात डोंगर कुठे. नाहीत. पण विहिरी आहेत, शेततळी आहेत, कारखान्यांच्या टाक्या आहेत, शहरात ड्रेनेज आहे. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, एकाला वाचवायला दुसरा उतरला. तू ती बातमी वाचत नाहीस, पान उलटतोस, हे मी पाहिलंय. पोरगी दोराला लटकेल याची तुला भीती वाटते. नानांच्या कमरेला त्या दिवशी दोर नव्हता रे.

वहिनीची सही झाली आहे, असं आतल्या गोटातून कळलं. तुझी जागा रिकामी आहे. येत्या रविवारी मी गावाकडे येतोय. येताना माझा जुना दोर आणतो. तो आता बाद केलाय, वजन टाकायला चालत नाही, पण गाठ शिकवायला चांगला आहे. पोरीला आठची गाठ दाखवीन म्हणतो. तूही बस. तपासायला कोणीतरी लागतंच.